पडला, पडला... अरे, हा तर छत्री घेऊन आला!

मोबाइल टुणकन वाजतो. ग्रुपवर मेसेज: ‘तिकडचा हुकूमशहा गेला! सैन्यानं घर घेरलं! लवकर फॉरवर्ड करा!’ गोंदियाच्या राइस मिलपासून देवरीच्या बसस्टँडपर्यंत पंधरा मिनिटांत बातमी पोहोचते. ‘गेला म्हणते गा!’ आणि तिसऱ्या दिवशी तोच साहेब टीव्हीवर फीत कापताना दिसतो.

जगातले हुकूमशहा जितक्या वेळा अफवांमध्ये पडलेत, तितक्या वेळा जिन्यावरूनही कुणी पडलं नसेल. आणि खरोखर पडले, तेव्हा? तेव्हा भल्याभल्या गुप्तहेरांच्या फायलीत लिहिलं होतं, ‘सर्व काही आलबेल!’ चला तर मग, सीटबेल्ट बांधा. पडझडीची ही सुपरफास्ट सफर गोंदिया जंक्शनवरून सुटतेय.

खुर्ची गेली, खरीखुरी!

‘खुर्चीवरून पडणं’ हे राजकारणात रोजचंच. पण माहीत आहे का, एक हुकूमशहा खरोखरच्या खुर्चीवरून पडला आणि सत्तेवरूनही गेला?

पोर्तुगालचा सालाझार. १९३२ पासून पंतप्रधान. १९६८ च्या ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या सुट्टीत बसायला गेला आणि आरामखुर्चीसकट कोसळल्याचं सांगतात. डोक्याला मार लागला, प्रकृती ढासळली आणि सप्टेंबरअखेर त्याच्या जागी कायतानो आला.

खरी गंमत पुढे. सालाझार शुद्धीवर आला, पण त्याला सांगणार कोण? जवळची मंडळी त्याच्यासमोर ‘आपणच पंतप्रधान’ असं नाटक करत राहिली. २७ जुलै १९७० ला तो गेला, तो सत्ता आपल्याच हातात आहे अशा समजुतीत. जगाला फेक न्यूज देणारे पुष्कळ झाले. इथं सत्ताधीशालाच फेक न्यूज पुरवली गेली, होम डिलिव्हरीसकट!

हॅपी बर्थडे, गोंदिया! (आणि तीन थापा)

भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा जन्मला १ मे १९९९ ला. महाराष्ट्राचा वाढदिवसही तोच, १ मे १९६०. आता बघा या तारखेची करामत.

थाप नंबर १. १ मे १९४५. रात्री हॅम्बुर्ग रेडिओनं सांगितलं, ‘हिटलर शेवटच्या श्वासापर्यंत लढता लढता धारातीर्थी पडला.’ वस्तुस्थिती? आदल्याच दिवशी त्यानं बंकरमध्ये आत्महत्या केली होती. मेल्यावरसुद्धा खोटं बोलला, बोला!

थाप नंबर २. १ मे १९६०. इकडे मुंबईत महाराष्ट्राचा मंगलकलश आणि तिकडे रशियाच्या आभाळात अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान पाडलं गेलं. अमेरिका म्हणाली, ‘हेरगिरी? छे हो! हवामान तपासत होतो.’ सोव्हिएत नेता क्रुश्चेव्ह गालात हसला, जगाला थाप नीट पचू दिली आणि ७ मेला म्हणाला, ‘पायलट जिवंत आहे. आमच्याकडेच आहे.’ हवामानाचा अंदाज साफ चुकला!

थाप नंबर ३. १ मे २०२०. उत्तर कोरियाचा किम जोंग उन आजोबांच्या जयंतीला, म्हणजे १५ एप्रिलला दिसला नाही आणि जगभर हलकल्लोळ. हृदयाची शस्त्रक्रिया, कोमा, मृत्यू... मेनू कार्ड भरलेलं. दक्षिण कोरियाच्या एका नव्या खासदारानं १ मेला ठणकावलं, ‘तो गेल्याची मला ९९ टक्के खात्री आहे.’ दुसऱ्या दिवशी फोटो आले. किमसाहेब त्याच १ मेला खत कारखान्याची फीत कापत होते. उरलेला एक टक्का जिंकला! खासदाराला माफी मागावी लागली.

बॉबी विरुद्ध बाबू

आता घरच्या मैदानावर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आणि पेपरात खरं छापता येत नाही म्हटल्यावर लोकांचं डोकं कसं चालतं, याचा हा नमुना.

माहीत आहे का, लोकशाहीची ‘निधनवार्ता’ मुंबईत पैसे भरून छापून आली होती? २८ जून १९७५, टाइम्स ऑफ इंडिया, छोट्या जाहिरातींचं पान. दिवंगताचं नाव डी. ई. एम. ओ’क्रसी. पत्नी टी. रूथ, अपत्य एल. आय. बर्टी. भराभर वाचा: डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी! मृत्यूची तारीख २६ जून. सेन्सॉरची नजर अग्रलेखांवर. दुःखद निधनाचा कॉलम कोण वाचतो?

पुढचा किस्सा थेट सिनेमाचा. सुब्रमण्यम स्वामी नावाचे खासदार, मागे वॉरंट, पोलीस देशभर शोधतायत. १० ऑगस्ट १९७६ ला हा माणूस राज्यसभेत सरळ चालत आला. दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली सुरू होती. स्वामी उठून म्हणाले की लोकशाहीही वारली आहे, तिचं नाव यादीत राहिलं. सभागृह सावरेपर्यंत गडी पसार! पुढं १९७७ ला ते मुंबईतून लोकसभेवर गेले. हे नाव लक्षात ठेवा, ४६ वर्षांनी परत भेटणार आहे.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी अचानक निवडणूक जाहीर केली. का? गुप्तचर खात्याचे गोड अहवाल हे एक कारण अनेकांनी सांगितलंय: ‘मॅडम, जिंकताय!’ पण ज्या लोकांना बोलायची बंदी, ते गुप्तहेराला मनातलं कशाला सांगतील? त्याला सांगायचं ते एकच, ‘सब ठीक है साहब.’ भीती बसवली की पहिल्यांदा स्वतःचीच माहिती आटते. हुकूमशाहीतला सगळ्यात महागडा बग तो हाच!

आता पॉपकॉर्न घ्या. ६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा. जयप्रकाश नारायण येणार आणि चारच दिवसांपूर्वी मंत्रिपद सोडलेले बाबू जगजीवन राम बोलणार. दूरदर्शननं त्या दिवशी काय लावलं? ‘बॉबी’! डिंपल आणि ऋषी कपूर, सुपरहिट, फुकट, घरबसल्या. लोक घरातच बसावेत म्हणून लढवलेली शक्कल. लोक तरी मैदानावर लोटले. दुसऱ्या दिवशी इंग्रजी मथळा झळकला: बाबूनं बॉबीला हरवलं! प्राइम टाइमचा इतका मोठा पराभव दूरदर्शननं क्वचितच पाहिला असेल.

भंडाऱ्याचा धक्का, आमगावचे गुरुजी

मार्चमध्ये निकाल लागला आणि इंदिरा गांधी रायबरेलीत राज नारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी हरल्या. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी फक्त २० जागा.

पण थांबा, आपल्याकडची गोष्ट अजून रंगतदार आहे. उत्तर भारत काँग्रेसवर उलटला असताना विदर्भ मात्र बहुतांश काँग्रेससोबत राहिला. अपवाद मोजकेच, आणि त्यातला एक भंडारा. म्हणजे तेव्हा गोंदिया ज्याच्या पोटात होता तोच लोकसभा मतदारसंघ! जिंकलं कोण? जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर गुरुजी, आमगावचे. होय, तेच आमगाव, ज्याच्या शेजारच्या पदमपूरला संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव मानतात. दिल्लीतलं नाटक कसं संपणार, हे भवभूतीच्या शेजाऱ्यांनी आधीच ओळखलं म्हणायचं!

आणि ट्विस्ट? १९८० च्या जानेवारीत इंदिराबाई दणक्यात परत आल्या आणि भंडाराही काँग्रेसकडे वळला. ‘आता त्या कायमच्या संपल्या’ असं १९७७ ला लिहिणाऱ्यांची शाई जेमतेम वाळली होती.

जसलोकमधले ‘दिवंगत’

माहीत आहे का, भारताच्या लोकसभेनं एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली आहे?

२२ मार्च १९७९. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी सभागृहात सांगितलं की जयप्रकाश नारायण गेले. शोक व्यक्त झाला, कामकाज थांबलं, आकाशवाणीनं बातमी दिली. इकडे मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये जेपी चक्क श्वास घेत होते! चुकीचा निरोप गुप्तचर यंत्रणेतूनच आल्याचं पुढं अनेकांनी लिहिलं. ज्या यंत्रणेला १९७७ ची लाट दिसली नाही, तिला दोन वर्षांनी पेशंटही दिसला नाही. जेपी त्यानंतर साडेसहा महिने जगले; ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांचं निधन झालं.

झरोका लाइव्ह, १६५७

‘जिवंत आहे, हा बघा पुरावा’ हा प्रकार किमनं शोधला असं वाटतं? मुघलांकडे पेटंट होतं! बादशहानं रोज सकाळी झरोक्यात यायचं. दिसला म्हणजे राज्य चालू. नाही दिसला की बाजार बंद, तलवारी सुरू.

सप्टेंबर १६५७. शाहजहान आजारी, झरोका रिकामा. थोरला मुलगा दारा यानं बातम्या बाहेर जाऊ नयेत म्हणून वाटा आणि जासूद अडवले. ही झाली नेटबंदी! परिणाम उलटाच. बातमी नाही म्हणजे बादशहा मेलाच, असं सगळ्यांनी धरलं. त्याच्या भावांपैकी शुजानं बंगालकडे स्वतःला बादशहा म्हणवलं, मुरादनं अहमदाबादेत. आणि आपल्या औरंगाबादेत बसलेला औरंगजेब? त्यानं घाई केली नाही, फक्त फौज तयार केली. शाहजहान बरा होऊन झरोक्यात आला, तोवर ट्रेंड सेट झाला होता. जून १६५८ पासून तो आग्र्याच्या किल्ल्यात कैद आणि मृत्यू थेट १६६६ ला. अफवा खोटी होती, पण तिनं गादी खरोखर घालवली.

फेक लेटर, रिअल इफेक्ट

याच औरंगजेबानं पुढं डिसइन्फर्मेशनचा मास्टरक्लास घेतला. जानेवारी १६८१. शहजादा अकबर बापावर उलटला, राजपुतांची फौज सोबत, अजमेरजवळ तळ. औरंगजेबाकडे माणसं कमी. मग त्यानं काय केलं? पोराला एक कौतुकाचं पत्र लिहिलं: शाब्बास बेटा, राजपुतांना छान जाळ्यात आणलंस! आणि ते पत्र बरोब्बर राजपूत सरदार दुर्गादास राठोडांच्या हाती पडेल अशी सोय केली.

रातोरात राजपूत निघून गेले. सकाळी अकबर उठला तर छावणी रिकामी. तोफ नाही, लढाई नाही, नुसता कागद! नंतर खरं कळल्यावर दुर्गादासांनीच अकबराला सुखरूप दक्षिणेत आणलं, छत्रपती संभाजीराजांच्या आसऱ्याला. हा स्क्रीनशॉटचा जमाना नव्हता, तरी एडिट केलेला पुरावा व्हायरल झाला.

अमर असावेत बहुधा!

शिवाजी महाराज हुकूमशहा नव्हेत, ते रयतेचे राजे. पण शत्रूच्या अफवांचा विक्रम बहुधा त्यांच्याच नावावर असावा. ‘शिवाजी मेला’ ही बातमी परदेशी व्यापाऱ्यांच्या पत्रांत इतक्यांदा आली, की ३ एप्रिल १६८० ला महाराजांचं खरंच निधन झालं तेव्हा विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रज कंपनीच्या एका पत्रात अशा अर्थाचं लिहिलंय की हा माणूस इतक्या वेळा मेलाय, काहींना तो अमरच वाटू लागलाय! निधन होऊन आठ महिने झाले होते, तरी साहेब कन्फर्मेशनची वाट बघत होते.

जिवंत असल्याचे टॉप तीन पुरावे

पुरावा एक, छत्री. २१ फेब्रुवारी २०११. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले, गद्दाफी व्हेनेझुएलाच्या वाटेवर असल्याची माहिती आहे. काही तासांत गद्दाफी लिबियाच्या टीव्हीवर. गाडीत बसलाय, भलीमोठी छत्री उघडलीय आणि सांगतोय, मी त्रिपोलीतच आहे. अख्खा कार्यक्रम काही सेकंदांचा. हवामान पावसाळी, अफवा ओलीचिंब! त्याचा शेवट झाला तो ऑक्टोबरात, आणि तोही लिबियातच.

पुरावा दोन, पोहणं. १६ जुलै १९६६. माओच्या तब्येतीबद्दल कुजबुज वाढली, तेव्हा ७२ वर्षांचे चेअरमन यांगत्से नदीत उतरले. सरकारी दावा: सुमारे १५ किलोमीटर, ६५ मिनिटांत. कॅलक्युलेटर काढा. दर १०० मीटरला २६ सेकंद! तेव्हाच्या जागतिक विक्रमवीराला त्याच अंतरासाठी ५० पेक्षा जास्त सेकंद लागत होते. नदीचा प्रवाह जोरात होता म्हणे. प्रचाराचा त्याहून जोरात!

पुरावा तीन, फोन. २० जुलै १९४४. हिटलरच्या खोलीत बॉम्ब फुटला, बर्लिनमध्ये बंडवाल्यांनी सांगितलं, ‘फ्यूरर मेला.’ त्यांच्या हुकमावरून मेजर रेमर प्रचारमंत्री गोबेल्सला पकडायला गेला. गोबेल्सनं शांतपणे रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडून आवाज, ‘ओळखलंस का मला?’ रेमर ताडकन सावधान! त्यानं बाजू बदलली, त्याच रात्री बंडाचा खेळ खल्लास. एवढा महागडा राँग नंबर इतिहासात नाही.

ग्रह वक्री, पगार सरकारी

दिवाळी अंकातलं राशिभविष्य आधी उघडणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. माहीत आहे का, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं हिटलरविरुद्ध ज्योतिषी पगारावर ठेवला होता? नाव लुई द वोल. १९४१ मध्ये त्याला अमेरिकेत पाठवलं. काम एकच: हिटलरचे ग्रह फिरलेत, आता त्याचं पतन अटळ, असं गावोगाव सांगत फिरायचं. पेपरवाले छापायचे, वाचक वाचायचे. पत्रिकेत राहू-केतू आणि पाठीशी सीक्रेट सर्व्हिस!

हेरांचं रिपोर्ट कार्ड: नापास

ऑगस्ट १९७८. सीआयएच्या अहवालात लिहिलं होतं, इराण क्रांतीच्या स्थितीत नाही, क्रांतीच्या आधीच्या स्थितीतसुद्धा नाही. १६ जानेवारी १९७९ ला शहा विमानात बसून देशाबाहेर. अहवाल सहा महिनेही टिकला नाही.

१३ एप्रिल १९६४. जर्मन वृत्तसंस्था डीपीएनं जगाला कळवलं, क्रुश्चेव्ह गेला! साफ खोटं. सगळे हसले, माफी मागून झाली. आणि बरोबर सहा महिने एक दिवसानं, १४ ऑक्टोबरला, सुट्टीवरून बोलावून त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला खाली ओढलं. त्या वेळी मात्र कुणाकडेच ब्रेकिंग न्यूज नव्हती. पॅटर्न दिसतोय ना? खोटी बातमी ढोल वाजवत येते, खरी पायताण हातात घेऊन!

विमान कुठं गेलं?

बिरसी विमानतळावर शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या बघणाऱ्या गोंदियाकरांना विमानांचं कौतुक नवं नाही. पण हल्ली हुकूमशहांचं पतन सगळं जग मोबाइलवर लाइव्ह बघतं.

५ ऑगस्ट २०२४. शेख हसीनांना घेऊन बांगलादेशातून निघालेलं विमान, उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर, हजारो डोळ्यांनी फॉलो केलं, त्या वेळी जगात सर्वाधिक पाहिलं जाणारं उड्डाण तेच. ते उतरलं दिल्लीजवळच्या हिंडन तळावर.

८ डिसेंबर २०२४. दमास्कसहून उडालेलं एक विमान होम्सजवळ नकाशावरून गायब. झालं! ‘सीरियाचा असद विमान अपघातात ठार’ ही शक्यता भल्या वृत्तसंस्थांनीही चालवली. संध्याकाळी रशियातून खुलासा, असद मॉस्कोत. ठिपका गायब झाला की माणूस मेला असं होत नसतं. तो ट्रान्झिटमध्येही असू शकतो!

स्वामी रिटर्न्स

लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव आठवतंय? २४ सप्टेंबर २०२२. चीनचे शी जिनपिंग समरकंदहून परतल्यापासून दिसेनासे झाले होते. बीजिंगची उड्डाणं रद्द, चिलखती गाड्यांची रांग, सत्तापालट... सोशल मीडिया पेटला, आणि त्यात भारतीय हँडल्स जोरात. सुब्रमण्यम स्वामींनीही ट्वीट टाकलं: शी नजरकैदेत असल्याची अफवा आहे, तपासायला हवी.

२७ तारखेला शी बीजिंगच्या एका प्रदर्शनात फेरफटका मारताना दिसले. ऑक्टोबरात पक्षाचे प्रमुख म्हणून तिसऱ्यांदा विराजमान. १९७६ मध्ये ज्यांनी आख्ख्या गुप्तचर यंत्रणेला गुंगारा दिला, त्यांच्या ट्वीटला २०२२ मध्ये अफवेनं गुंगारा दिला. फिट्टमफाट!

जंगलातली बातमी

जरा आवाज खाली, कारण हे आपल्या अंगणातलं आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यानं नक्षल चळवळीच्या बातम्या फार जवळून ऐकल्यात. आणि जंगलातल्या नेत्याबद्दल खरं काय, हे ठरवणं सगळ्यात अवघड.

२०२० च्या सप्टेंबरात, बाप्पाचं विसर्जन होतं न होतं तोच बातमी झळकली: माओवाद्यांचा जुना सरचिटणीस ‘गणपती’ शरण येतोय! टीव्हीवर चर्चा रंगल्या. माओवाद्यांनी पत्रक काढून ते फेटाळलं. त्या वेळी गणपती काही आला नाही.

उलट बाजू बघा. २०२५ च्या नोव्हेंबरात माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाच्या प्रवक्त्याच्या पत्रात शरण येण्याची तारीख होती पुढच्या १ जानेवारीची. आणि नोव्हेंबर संपायच्या आतच तो प्रवक्ता सहकाऱ्यांसह थेट गोंदियात पोलिसांपुढे शरण आला. खुद्द पत्र लिहिणाऱ्याची तारीख चुकते, तिथं आपल्या ग्रुपवरच्या काकांचं काय घेऊन बसलात!

फॉरवर्ड करण्याआधी: झाडीपट्टी टेस्ट

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो, खलनायक गावाला छळ छळ छळतो, मध्ये लावणी, विनोद, परत छळ. प्रेक्षक ब्लँकेट गुंडाळून, हातात भुईमुगाच्या शेंगा, आणि पहाटे कुठं त्याचा निकाल लागतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक मध्यरात्री उठून ‘मेला मेला’ ओरडत घरी जात नाही. आपणही तेच करायचं. चार प्रश्न पुरे:

एक. बातमी देणारा स्वतः तिथं होता का, की त्याच्या साडूच्या मित्राला कळलं?

दोन. पुरावा काय? ‘दिसला नाही’ हा पुरावा नव्हे. किम दिसला नव्हता, शीही दिसले नव्हते.

तीन. ही बातमी खरी ठरावी असं कुणाला वाटतंय? पत्र कुणाच्या हाती पडावं म्हणून लिहिलंय, हे दुर्गादासांनी एक रात्र आधी विचारलं असतं तर?

चार. तिथले साधे लोक काय करतायत? राजवाड्यातल्या खबरी सोडा, मैदानाकडे बघा. ‘बॉबी’ सोडून लोक सभेला निघाले, तेव्हा १९७७ चा निकाल रस्त्यावरच लागला होता. वाचायला फक्त गुप्तहेर विसरले.

टेस्टमध्ये पास झालात? मग करा फॉरवर्ड. आणि त्या आधी, हा लेख तेवढा पाठवा. यातल्या तारखा तरी खऱ्या आहेत!